डुकराची पेशी आणि एका आठवड्याची किंमत

२००१ च्या फेब्रुवारी महिन्यात इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या एका कत्तलखान्यात तपासणीच्या वेळी काही डुकरांच्या अंगावर फोड आढळले. ती लाळ्या-खुरकूत रोगाची चिन्हे होती. पुढील काही महिन्यांत ब्रिटनमध्ये साठ लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. त्यांतील बहुसंख्य जनावरांना रोग झालेलाच नव्हता. ग्रामीण भागात मृत जनावरांचे ढीग जाळले जात होते, पर्यटन थंडावले होते, आणि मे महिन्यात व्हावयाच्या निवडणुकाही जूनपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. सरकारी तिजोरीला सुमारे तीन अब्ज पौंडांचा आणि खासगी क्षेत्राला सुमारे पाच अब्ज पौंडांचा फटका बसला. त्याआधी चारच वर्षे, १९९७ मध्ये, तैवानमधील डुकरांत हाच रोग पसरला तेव्हा जवळपास चाळीस लाख डुकरे मारावी लागली आणि जपानकडे जाणारी त्या बेटाची डुकराच्या मांसाची भरभराटीची निर्यात पाहता पाहता बंद पडली.

लाळ्या-खुरकूतवर लस नव्हती असे नाही. महाराष्ट्रातील पशुपालकालाही ती परिचित आहे. अडचण वेळेची आहे. लस टोचल्यापासून जनावराच्या अंगी पुरेशी प्रतिकारशक्ती येण्यास साधारणतः एक आठवडा लागतो. विषाणू मात्र दोन-तीन दिवसांत आपले काम उरकतो. डुकराच्या बाबतीत हा हिशेब अधिकच प्रतिकूल ठरतो, कारण रोगी डुक्कर श्वासावाटे गाईच्या कितीतरी पट अधिक विषाणू हवेत सोडते. निर्यातदार देशांचा लशीला असलेला विरोध हे कत्तलीमागील आणखी एक कारण होते, आणि ते लहान नव्हते. परंतु तो भाग बाजूला ठेवला तरी मधल्या आठवड्याचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतोच. जनावराला त्या काळात संरक्षण देता येत नाही, म्हणून ते मारले जाते. हा आठवडा भरून काढण्याची क्षमता ज्या पदार्थात आहे असे आज दिसते, तो पदार्थ डुकराची पेशी स्वतःच तयार करीत असते. त्याचे नाव इंटरफेरॉन.

या पदार्थाचा शोध १९५७ मध्ये लंडनजवळील मिल हिल येथील सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेत अॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या दोघांनी लावला. उष्णतेने निष्प्रभ केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातील पडद्यावर सोडला असता तो पडदा पुढे जिवंत विषाणूलाही दाद देत नाही, असे त्यांना आढळले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पडदा ज्या द्रवात ठेवला होता तो द्रव दुसऱ्या, ताज्या पडद्यावर घातला तर त्यालाही तेच संरक्षण मिळत होते. अर्थात पहिल्या पडद्यातील पेशींनी काहीतरी बाहेर सोडले होते. विषाणूच्या कामात व्यत्यय आणणारा पदार्थ म्हणून त्याला इंटरफेरॉन हे नाव देण्यात आले. जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांनीही १९५४ मध्ये अशाच एका रोधक घटकाचे वर्णन केले होते. श्रेयाच्या वाटपात त्यांच्या वाट्याला थोडे कमीच आले.

इंटरफेरॉन विषाणूला मारीत नाही, ही गोष्ट सामान्य वाचकाने प्रथम लक्षात घेतली पाहिजे. विषाणू डुकराच्या पेशीत शिरला की तो आपल्या आनुवंशिक द्रव्याच्या प्रती काढू लागतो. त्या खटाटोपात निरोगी पेशीत सहसा न आढळणारे दुपदरी आर.एन.ए. तयार होते आणि पेशीतील पहारेकरी प्रथिने ते नेमके ओळखतात. मग पेशीच्या केंद्रकाकडे निरोप जातो, इंटरफेरॉनचे जनुक कार्यान्वित होते, आणि तयार झालेले प्रथिन पेशीबाहेर सोडले जाते. पहिली पेशी बहुधा मरतेच. तिने सोडलेले इंटरफेरॉन मात्र शेजारच्या पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहकांना जाऊन चिकटते आणि त्या पेशींतील शेकडो जनुके जागी करते. या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांपैकी एक असे, की विषाणू आत आल्याची चाहूल लागताच ते पेशीतील प्रथिननिर्मितीच थांबविते. दुसऱ्याच्या प्रेरणेने एक विकर जागे होते आणि आर.एन.ए.चे तुकडे करीत सुटते. आणखी काही विषाणूच्या जुळणीत अडथळे आणतात. विषाणूला स्वतःचा कारखाना नसतो, तो पेशीच्या कारखान्यावर जगतो. शेजारच्या पेशीने आपला कारखानाच बंद ठेवण्याची तयारी केली तर त्याला तेथे काही करता येत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. लाभ शेजाऱ्याचा आणि खर्च स्वतःचा, अशी ही देवघेव आहे. शिवाय हा खर्च लटका नाही. कारखाना बंद ठेवण्यात पेशीचे नुकसान होते, आणि इंटरफेरॉन शरीरात फार काळ फार प्रमाणात राहिले तर ताप, अंगदुखी, थकवा हे सारे ओघाने येते. म्हणूनच पेशी हा पदार्थ साठवून ठेवीत नाही. गरज पडली की घडविते. या 'गरज पडली की' मध्ये जे काही तास जातात, त्या तासांवरच विषाणूचा डोळा असतो.

डुकराच्या पेशींवरील प्रयोगांतून हे जितक्या स्पष्टपणे उलगडले तितके फार थोड्या ठिकाणी उलगडले असेल. १९५८ मध्ये जपानी संशोधकांनी वराहज्वराच्या विषाणूसंबंधी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. वराहज्वर डुकरांचे कळपच्या कळप नष्ट करतो. परंतु काचेच्या भांड्यात वाढविलेल्या डुकराच्या पेशींना त्याची लागण केली तर त्या वरकरणी ठणठणीत दिसतात, त्यामुळे विषाणू आहे की नाही हेच कळत नाही. अशा पेशींवर कोंबड्यांच्या राणीखेत रोगाचा विषाणू सोडला, तर मात्र तो बेसुमार वाढतो आणि पेशींचा फडशा पाडतो. निरोगी डुक्करपेशींत राणीखेतच्या विषाणूची अशी डाळ शिजत नाही. या युक्तीचा उपयोग पुढे वराहज्वराच्या निदानासाठी होऊ लागला. कारण समजायला मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली. वराहज्वराचा विषाणू पेशीची इंटरफेरॉन बनविण्याची यंत्रणाच निकामी करून ठेवतो. त्याच्याजवळील एक छोटे प्रथिन केंद्रकाकडे निरोप नेणाऱ्या पेशीतील प्रथिनाला गाठते आणि पेशीच्याच मोडतोड विभागाकडे पाठवून त्याची विल्हेवाट लावते, हे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिद्ध झाले. पेशी मरत नाही, ओरडतही नाही. घरात शिरलेल्या चोराने काहीही न फोडता फक्त फोनची तार कापावी, तसला हा प्रकार आहे.

लाळ्या-खुरकूतच्या विषाणूची रीत वेगळी आणि अधिक रांगडी आहे. अमेरिकेच्या कृषिखात्याची प्लम आयलंड या बेटावर एक प्रयोगशाळा १९५४ पासून या रोगावर काम करीत आली. तेथील संशोधकांनी विषाणूच्या जनुकद्रव्यातून एक विशिष्ट प्रथिन काढून टाकले आणि अशा लंगड्या विषाणूची गाय, मेंढी व डुक्कर यांच्या पेशींना लागण केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता: लंगडा विषाणू पहिल्या पेशीत शिरतो, पण शेजारच्या पेशींपर्यंत पसरत नाही, मूळ विषाणू मात्र पेशींच्या थरात भोके पाडीत जातो. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. दोन्ही प्रसंगी पेशीने इंटरफेरॉन बनविण्याचा मसुदा, म्हणजे त्याचे संदेशवाहक आर.एन.ए., तयार केलेला होता. फक्त मूळ विषाणूच्या बाबतीत त्या मसुद्याचे प्रत्यक्ष प्रथिन झाले नाही. विषाणूचे ते प्रथिन पेशीच्या भाषांतर-यंत्रणेचा एक आवश्यक भाग कापून टाकते. त्यानंतर पेशीचे स्वतःचे संदेश वाचले जात नाहीत, विषाणूचे तेवढे वाचले जातात. सरकारी कचेरीत ज्यांनी उमेदवारी केली आहे त्यांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही: आदेश निघालेला असतो, जावक क्रमांकाअभावी टेबलावर पडलेला असतो.

यातून निघणारी कल्पना साधी होती. डुकराची पेशी इंटरफेरॉन बनवू शकत नाही कारण विषाणू तिला वेळ देत नाही. तर विषाणू येण्यापूर्वीच ते तिला बाहेरून पुरवावे. प्लम आयलंडच्या गटाने डुकराच्या इंटरफेरॉनचे जनुक एका निरुपद्रवी केलेल्या अॅडिनोव्हायरसमध्ये बसविले आणि ते डुकरांना टोचले. एका दिवसानंतर त्या डुकरांना लाळ्या-खुरकूतची लागण करण्यात आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार पुरेशी मात्रा मिळालेली डुकरे रोगापासून पूर्णपणे सुरक्षित राहिली. हे संरक्षण सुमारे तीन ते पाच दिवस टिकते, असेही दिसून आले. इंटरफेरॉन आणि लस दोन्ही एकदम दिली तर पहिले दिवस इंटरफेरॉन सांभाळते आणि पुढे लस सूत्रे हाती घेते. आणखी एक फायदा असा, की लाळ्या-खुरकूतच्या विषाणूचे सात प्रकार आहेत व एका प्रकाराची लस दुसऱ्यावर चालत नाही. इंटरफेरॉनला मात्र हा भेदभाव माहीत नाही.

या यशाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. इंटरफेरॉन हे कवच आहे, औषध नव्हे. रोग जडल्यानंतर त्याचा फारसा उपयोग होत नाही. डुकरांत जे साधले ते गाईंत त्या प्रमाणात साधले नाही. तेथे रोग सौम्य झाला व लांबला, टळला नाही. मोठ्या जनावराला लागणारी मात्राही मोठी, आणि मात्रेबरोबर खर्च वाढतो. तथापि साथीच्या केंद्राभोवती डुकरांच्या गोठ्यांचे एक कडे काही दिवसांपुरते अभेद्य करता आले, तर किती कत्तल वाचेल याचा अंदाज कोणालाही बांधता येईल.

असे असता हा पदार्थ प्रत्येक देशाच्या पशुवैद्यकीय कोठारात साठविलेला का नाही? येथे विज्ञान संपते आणि बाजार सुरू होतो. इंटरफेरॉनच्या इतिहासात बाजार एकदा मोठ्या थाटात येऊन गेला आहे. १९७० च्या दशकात फिनलंडमध्ये कारी कँटेल हे रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींपासून मानवी इंटरफेरॉन काढीत होते. ते इतके अल्प आणि इतके महाग होते, की १९७८ मध्ये अमेरिकन कर्करोग संस्थेने काही थोड्या रुग्णांवरील चाचण्यांसाठी त्याच्या खरेदीवर वीस लाख डॉलर लावले. १९८० च्या जानेवारीत झुरिचच्या चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने जंतूंकरवी ते बनविल्याचे जाहीर होताच शेअरबाजार उसळला. कर्करोगावरील रामबाण उपाय सापडला असा गाजावाजा वृत्तपत्रांनी केला. तो खरा ठरला नाही. रक्ताच्या एका विरळा कर्करोगासाठी १९८६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, पुढे यकृतदाहाच्या विषाणूंवर ते वर्षानुवर्षे वापरले गेले, आणि २०१३ नंतर अधिक चांगल्या गोळ्या आल्यावर 'क' प्रकारच्या यकृतदाहातून तेही मागे पडले. प्राण्यांपैकी इंटरफेरॉनचे औषध लवकर मिळाले ते मांजराला: जपानमध्ये १९९४ मध्ये, रेशमाच्या किड्यांकरवी तयार केलेले. मांजराच्या मालकाला मांजराची बाजारपेठेतील किंमत विचारावी लागत नाही, डुकराच्या मालकाला ती विचारल्यावाचून गत्यंतर नसते. एवढ्या एका वाक्यात या विषमतेचे बहुतेक स्पष्टीकरण सामावते.

साथ नसताना जे विकले जात नाही आणि साथ आल्यावर एकदम लाखोंनी हवे असते, त्याच्या निर्मितीत खासगी कंपनीला स्वारस्य असण्याचे कारण नाही. अग्निशामक बंब कोणी नफ्यासाठी बाळगीत नाही. या पदार्थाविषयीचे बहुतेक मूलभूत ज्ञान सार्वजनिक पैशावर चाललेल्या प्रयोगशाळांतून आले, आणि त्याचा साठाही सार्वजनिक पैशानेच करावा लागेल. हा निष्कर्ष काहींना जुन्या वळणाचा वाटेल, पण त्याला पर्याय दिसत नाही.

भारताच्या संदर्भात या प्रश्नाला वेगळी धार आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९० लाख डुकरे होती. २०१२ च्या तुलनेत ही संख्या सुमारे १२ टक्क्यांनी घटलेली होती. त्यांपैकी सुमारे २१ लाख एकट्या आसामात होती. ईशान्येकडील आदिवासी कुटुंबाच्या लेखी डुक्कर ही ठेव असते. मुलाची फी, घरातले आजारपण, लग्नकार्य यांच्या वेळी ती मोडली जाते. ही कुटुंबे कंपन्यांचे गिऱ्हाईक होत नाहीत आणि वृत्तपत्रांचा विषयही क्वचितच होतात. २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन वराहज्वर प्रथमच आढळला. माणसांच्या साथीच्या त्या वर्षात या साथीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. या विषाणूजवळ तर इंटरफेरॉनची वाट अडविणारी जनुके एक-दोन नसून त्यांची कुटुंबेच आहेत. त्यांतील काही काढून टाकली की विषाणू दुबळा होतो, आणि लस बनविण्याचा तो एक मार्ग ठरू शकतो. मार्ग धोक्याचा मात्र आहे. चीनमध्ये २०१८ साली हा रोग शिरला व तेथील डुकरांची संख्या वर्ष-दीड वर्षात प्रचंड घटली. २०२१ च्या प्रारंभी तेथे नेमकी अशी जनुके गळालेले विषाणू गोठ्यांत फिरताना आढळले. चोरट्या लशींतून ते बाहेर पडले असावेत, असा रास्त संशय व्यक्त झाला. प्रयोगशाळेतील ज्ञान आणि हातघाईस आलेला पशुपालक यांच्यामध्ये विश्वासार्ह सरकारी यंत्रणा नसली की असे घडते.

आपल्याकडे ही यंत्रणा अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारने लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी पाच वर्षांकरिता १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम आखला आणि त्यात गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांबरोबर डुकरांचाही समावेश केला. जुन्या वराहज्वरावरील आपली लस दीर्घकाळ सशांवर वाढविली जात असे. एका सशाच्या प्लीहेतून सुमारे पन्नास मात्रा निघत, आणि देशाची गरज कोटींत मोजावी लागत होती. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने पेशीसंवर्धनावर तयार केलेली नवी लस २०२० मध्ये पुढे आणली, तेव्हा हा सशांचा हिशेब संपण्याची वाट मोकळी झाली. डुकराच्या इंटरफेरॉनचे जनुक ही काही गुप्त वस्तू नाही. त्याची रचना प्रसिद्ध आहे, आणि जंतूंकरवी किंवा पेशींकरवी प्रथिन बनविण्याचे तंत्र देशातील अनेक प्रयोगशाळांना अवगत आहे. प्रश्न उरतो तो कोणाच्या अंदाजपत्रकात हा खर्च दाखवावयाचा याचा.

आणि तो खर्चही एकटा पुरेसा नाही. इंटरफेरॉनचा सारा उपयोग पहिल्या दोन-चार दिवसांत आहे. म्हणजे पहिले आजारी डुक्कर कोठे आहे हे त्याच दिवशी कळले पाहिजे. आफ्रिकन वराहज्वराच्या साथीत सरकारने मारलेल्या डुकराची भरपाई मिळते, रोगाने मेलेल्या डुकराची मिळत नाही. दोन डुकरे मेली आणि तिसरे चालेनासे झाले, अशा वेळी डोंगरातील एखाद्या वस्तीवरील कुटुंबाने काय करावे? कळवावे, तर पहिल्या दोघांचे काही मिळत नाही, उरलेली सगळी मारली जातात, आणि भरपाईचा धनादेश केव्हा येईल ते सांगता येत नाही. न कळविता तिसरे रातोरात विकले तर निदान आजचे पैसे हाती येतात. शेजारच्या गोठ्याला इशारा देण्याचा खर्च ज्याचा त्याने सोसावा अशी अपेक्षा या नियमात गृहीत धरलेली आहे. मेलेल्या पहिल्या डुकराचीही, वेळेत कळविले असल्यास, भरपाई देण्याची तरतूद केली तर तिचा बोजा एखाद्या जिल्ह्याच्या साथीत होणाऱ्या हानीपुढे अगदी किरकोळ ठरेल. तिच्यासाठी नवे विज्ञान लागत नाही; एक शासकीय परिपत्रक लागते.